चित्रकाराचं घर, गावाचं दालन

चिखलीत चित्र पाहायचं म्हटलं तर माणूस कुठे जाईल? आमच्या घरांत चित्र आलं ते कॅलेंडरातून आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती देवघरापर्यंत पोचल्या. पुढे रघुवीर मुळगावकरांचे रामकृष्ण आले. दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’चे अंक काढले, आणि त्यांची मुखपृष्ठं कापून, काचेत घालून लोकांनी बैठकीत लावली. ही मोठी माणसं, आणि त्यांनी आमच्यासारख्या गावांवर उपकारच केले आहेत. पण ते सगळं छापलेलं होतं. रंगाचा थर कुठे जाड आहे, ब्रश कुठे थांबला, कॅनव्हासची वीण कुठे उघडी राहिली, हे छापील कागदावर दिसत नाही. हाताने काढलेलं मूळ तैलचित्र हातभर अंतरावरून पाहायला मिळालं नाही आणि वय सरलं, अशी माणसं आमच्या तालुक्यात गावोगाव भेटतील.

चिखली बुलढाणा जिल्ह्यातलं घाटावरचं गाव. खामगावहून जालन्याकडे जाणारा रस्ता इथून जातो, बुलढाणा आणि मेहकरचे रस्ते इथे मिळतात. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. ती गाडी अजून आलेली नाही. म्हणजे इथे येणारा माणूस एसटीने, जीपने किंवा स्वतःच्या गाडीने येतो तो कापूस-सोयाबीनसाठी, दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, चैत्रात रेणुकामातेच्या यात्रेसाठी. चित्र पाहायला कोणी चिखलीला उतरत नाही.

अशा गावात एखाद्या चित्रकाराने राहत्या घराची पुढची खोली रिकामी केली, भिंती पांढऱ्या करून घेतल्या, आपली चित्रं लावली आणि दारावर पाटी लावून सांगितलं की या, बघा, तर त्याचं काय होईल? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्यांकडे पाहिलं नाही. तिथला हिशेब वेगळा. मराठी मुलखात छोट्या गावी राहून काम केलेल्या आणि ज्यांचं घरच पुढे दालन झालं अशा कलावंतांकडे पाहिलं. फार नाहीत, पण आहेत. त्यांच्याकडे पाहून माझं एक मत पक्कं झालं: छोट्या गावातलं कलादालन अनुदानाने उभं राहत नाही, ते कलावंताच्या रोजच्या राहणीतून उभं राहतं, आणि टिकतं ते त्याच्या पश्चात किल्ली कोणी हातात घेतली यावर.

आधी एक उलटं उदाहरण. आमच्याच डोंगररांगेपासून सुरुवात करतो. बुलढाण्याचा घाटमाथा अजिंठ्याच्या रांगेतला. या रांगेत, अजिंठा गावातल्या बारादरीत, मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास फलटणीतला चित्रकार राहत होता. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करण्यासाठी १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याची नेमणूक केली. पुढची कितीतरी वर्षं त्या माणसाचा दिनक्रम एकच. गावातून घाट उतरून लेण्यांत जायचं, अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबायचं, मिळेल तेवढ्या उजेडात भिंतीवरची आकृती कॅनव्हासवर उतरवायची. वटवाघळं, ओल, मधमाश्या, ताप. पारो नावाची इथलीच बाई त्याच्या सोबत होती. ती १८५६ साली गेली, तिची कबर अजिंठा गावात आहे.

गिलची चित्रं लंडनला रवाना झाली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागली आणि वीसेक वर्षांचं बहुतेक काम जळून गेलं. गिलने पुन्हा ब्रश हातात घेतला. कॅमेरा तर तो आधीच शिकला होता. १८७९ साली तो गेला; त्याची कबर भुसावळला. नंतर जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षं अजिंठ्याच्या नकला करत होते. त्यांतल्याही बऱ्याच लंडनमधल्या दुसऱ्या एका आगीत गेल्या.

गिलची गोष्ट आपल्याकडे पारोच्या निमित्ताने सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी बाजू जास्त लागते. एका चित्रकाराने आमच्या डोंगरात इतकी वर्षं काढली, हजारो तास काम केलं, आणि त्या गावात त्याचं एकही चित्र राहिलं नाही. जे काढलं ते बाहेर गेलं, बाहेरच जळलं. अजिंठा गावातल्या त्या काळच्या पोराने गिलला रोज जाताना-येताना पाहिलं असेल, पण त्याचं चित्र पाहिलं असेल का?

आता चाळीसगाव. चिखलीहून जायचं तर बुलढाणा, मग राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, आणि तिथून रेल्वे. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव. स्टेशनजवळच एक दगडी बंगला आहे. मालकाने त्याला नाव दिलं होतं ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. मालक म्हणजे कैखुश्रू माणेकजी मूस. चाळीसगावकरांचे केकी मूस, महाराष्ट्राचे कलामहर्षी.

मूस १९१२ साली मुंबईत सुखवस्तू पारशी घरात जन्मले. घरचा व्यवसाय चाळीसगावात होता. विल्सन कॉलेजात शिकले, मग इंग्लंडला शेफील्डला जाऊन त्यांनी कमर्शियल आर्ट आणि छायाचित्रण शिकून घेतलं. १९३८ च्या सुमारास परतले ते थेट चाळीसगावला, आणि नंतर पन्नास वर्षं त्या घरातच राहिले. घराबाहेर पडले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. १९८९ च्या शेवटच्या दिवशी त्याच घरात त्यांचा देह पडला.

त्यांच्या नावाबरोबर जी प्रेमकथा येते ती मराठी वाचकाला ठाऊक असते. मुंबईत सोडून आलेली प्रेयसी, एक दिवस पंजाब मेलने येईन हे तिचं वचन, रोज रात्री त्या गाडीच्या वेळी दारं-खिडक्या उघडून, दिवे लावून, बागेतली फुलं मांडून, दोघांचं जेवण वाढून बसलेले मूस. गाडी गेली की ते एकटे जेवत, असं चाळीसगावात सांगतात. पंजाब मेल सुरू झाली तीही १९१२ सालीच, मूस यांच्या जन्मवर्षी.

ही कथा खरीखोटी करण्यात मला रस नाही. माझी तक्रार एवढीच की या कथेने त्या माणसाचं काम झाकोळून टाकलं. लोक दारातून आत येतात आणि आधी पंजाब मेलची वेळ विचारतात. त्यांनी आधी भिंती पाहाव्यात. पन्नास वर्षं कोणी नुसती वाट पाहत बसत नाही. मूस यांचे दिवस कामाने गच्च भरलेले होते, आणि ते काम आज त्या घरात उभं आहे: छायाचित्रं, तैलरंग, जलरंग, मातीची शिल्पं, लाकडातलं कोरीवकाम, कागदाच्या घड्यांतून केलेले आकार, जमवलेल्या जुन्या वस्तू. ते सतार वाजवत, गुलाब लावत, पुस्तकं जमवत.

त्यांची खरी हुकमत टेबलटॉप छायाचित्रणावर. हा प्रकार जरा जवळून सांगायला हवा. एक टेबल घ्यायचं. त्यावर हातभर जागेत अख्खा देखावा मांडायचा. वाळकी काटकी म्हणजे झाड, खडा म्हणजे डोंगर, पांढरी भुकटी पसरली की बर्फ, आरशाचा तुकडा ठेवला की तळं. मग दिवा कुठे ठेवायचा यात खरी कसोटी. दिवा वर राहिला तर खडा खडाच दिसतो. दिवा बाजूला, खाली, टेबलाच्या कडेशी आणला की त्याच खड्याची सावली लांब पडते आणि त्याला उंची येते. कॅमेऱ्याचं भिंगही तितकंच खाली आणायचं, त्या इवल्या देखाव्यात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवर. भिंगाचं छिद्र बारीक करायचं, म्हणजे पुढची काटकी आणि मागचा डोंगर दोन्ही ठाशीव येतात, आणि प्रकाश कमी झाल्यामुळे भिंग बराच वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात दाराची झुळूक आली, काटकी हलली, की सगळं पुन्हा. मूस यांनी चाळीसगावात बसून विलायतेतला बर्फाळ हिवाळा याच रीतीने टेबलावर उभा केला. ते छायाचित्र पाहणारा आधी बर्फच पाहतो. सांगितल्यावरही त्याला टेबल दिसत नाही. अशा छायाचित्रांसाठी देशोदेशींच्या स्पर्धांतून त्यांना शेकड्यांनी पदकं मिळाली.

घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने जगभरच्या प्रदर्शनांत भाग घेतला तो पोस्टाने आणि रेल्वेने. प्रिंट तयार करायची, पुठ्ठ्यावर चढवायची, बांधायची, स्टेशनवर द्यायची. स्टेशन शेजारीच होतं, हे विसरून चालणार नाही. आणि जे त्यांना भेटायला आले ते त्यांच्या घरी आले. पंडित नेहरूंचं छायाचित्र त्यांनी घेतलं ते स्वतः बाहेर न जाता, नेहरूच त्यांच्याकडे आले, अशी हकिगत तिथे अभिमानाने सांगतात. गावातल्या साध्या माणसांचे चेहरेही त्यांच्या कॅमेऱ्यात आले. त्यांनी टिपलेल्या सुरकुतलेल्या म्हाताऱ्या चेहऱ्यांसमोर मी जास्त वेळ थांबतो. नाव ठेवलं होतं रेम्ब्रांटचं, आणि तो एका बाजूने येणारा मंद उजेड त्यांनी खानदेशातल्या चेहऱ्यांवर आणून दाखवला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. मूस यांच्या घरी पैसा होता. चित्र विकून पीठ-मीठ आणायची वेळ त्यांच्यावर आली नाही. छोट्या गावातल्या बहुतेक चित्रकारांना ही मोकळीक नसते, म्हणून मूस यांचं नाव घेऊन कोणा तरुणाला “बघ, असं राहावं” असं सांगणं अन्यायाचं होईल. शिकायचं ते निराळं. मूस गेल्यावर तो बंगला बंद पडला असता, सामान वाटलं गेलं असतं, काचेच्या निगेटिव्ह भंगारात गेल्या असत्या. तसं झालं नाही. चाळीसगावातली माणसं पुढे आली, त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान झालं, आणि राहतं घर होतं तसं कलादालन झालं. हे काम चाळीसगावने केलं, याचं श्रेय त्या गावाला उघडपणे दिलं पाहिजे.

दुसरं घर कोकणातलं. अलिबागहून मांडव्याकडे जाताना सासवणे लागतं. विनायक पांडुरंग करमरकर इथलेच, जन्म १८९१. त्यांनी लहानपणी गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये पाठवायची व्यवस्था केली. पुढे कलकत्ता, मग लंडनची रॉयल अकॅडमी. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा, १९२८ साली अनावरण झालेला, तो करमरकरांचा. एवढा प्रचंड पुतळा एकसंध ओतायचा म्हणून माझगावच्या कारखान्यात काम चाललं होतं.

इतकं नाव झालेल्या माणसाने मुंबईत बंगला बांधून राहायला काय हरकत होती? ते सासवण्याशी बांधलेले राहिले. तिथलं त्यांचं घर आज शिल्पालय आहे, त्यांच्या पश्चात घरच्या सुनेने वर्षानुवर्षं सांभाळलेलं. तिथली शिल्पं गावातलीच माणसं आणि जनावरं आहेत. कोळीण, शेतकरी, शंख फुंकणारा. अंगणात म्हैस आहे ती सिमेंटची. सिमेंट हे करमरकरांनी मन लावून वापरलेलं माध्यम. ब्राँझला ओतशाळा लागते, कारागीर लागतात, पैसा लागतो, आणि त्यासाठी आधी गिऱ्हाईक लागतं. सिमेंट गावात मिळतं आणि अंगणात काम करता येतं. म्हशीची कातडी हाडांवर कशी ताणलेली असते, पोट कुठे ओथंबतं, मान वळवली की गळ्याखाली वळ्या कशा पडतात, हे त्या सिमेंटमध्ये आहे. गोठ्यात रोज म्हैस पाहणाऱ्या माणसालाही ती परीक्षेत पास करावी लागते, आणि तो करतो. छोट्या गावातल्या दालनाला हाच पहिला प्रेक्षक असतो, आणि तो कडक असतो.

कलबुर्गीला एस. एम. पंडितांचं दालन आहे. पौराणिक चित्रांचा आणि सिनेमाच्या पोस्टरांचा हा बादशहा मुंबई गाजवून उतारवयात आपल्या गावी परत गेला. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. ते स्वतः चित्र काढत, आणि रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतची कामं त्यांनी साताऱ्याच्या त्या दुष्काळी माळावर आणून ठेवली. पण ते राजे होते. त्यांचा मार्ग इतरांना उपयोगी नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची आठवण मात्र इथे टाळता येत नाही. कोटितीर्थ तळ्याकाठी फकिरासारखं राहून त्यांनी जलरंगात कोल्हापूरच्या आसपासचा निसर्ग रंगवला. शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२२ साली महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं तळ्यात सोडली, असं कोल्हापूरकर सांगतात. १९३१ साली तेही गेले. आधार एकाच माणसाचा असला की तो माणूस गेल्यावर चित्रांना घर उरत नाही.

आता आमच्या गावाकडे, म्हणजे रोजच्या हिशेबाकडे वळतो.

चिखलीसारख्या गावात चित्रकार जगतो तो बहुधा कलाशिक्षक म्हणून. ए.टी.डी. किंवा जी.डी. आर्ट केलं, शाळेत लागला, पोरांचे ‘ड्रॉईंगचे सर’ झाला. शाळेत त्याचा तास दुसऱ्या विषयाच्या सरांनी मागून घेतलेला असतो. गॅदरिंगचा पडदा, फलकलेखन, राष्ट्रपुरुषांच्या जयंतीची रांगोळी, मतदानजागृतीची भिंत, सगळं त्याच्याच अंगावर. शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आली की एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना सकाळ-संध्याकाळ बसवून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन करून घ्यायचं. दहावीला जादा गुण मिळतात म्हणून आता पालकही पाठवतात. मी या परीक्षांना कमी लेखणार नाही. कला संचालनालयाची ही परीक्षा नसती तर खेड्यातल्या लाखो पोरांच्या हातात रंगाचा ब्रश आलाच नसता. पण सरांचा स्वतःचा ब्रश रात्री दहानंतर हातात येतो.

ज्याला नोकरी नाही तो पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, देवळांचे कळस, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला आणि काही वर्षांत ही रोजी संपली. अक्षराला वळण देणारे, एका दमात सरळ रेघ ओढणारे हात दुसऱ्या धंद्यांत गेले. काही गणपतीच्या मूर्तींकडे वळले, काही दिवंगत आई-वडिलांची व्यक्तिचित्रं करून देतात, फोटोवरून, चौकटी आखून. हे काम हलकं नाही. गेलेल्या बापाचा चेहरा लेकाला ओळखू आला पाहिजे, ही अट जहांगीरमधल्या कुठल्याही परीक्षकापेक्षा कठीण आहे.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथे तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मिळाली तरी चिखलीहून कॅनव्हास घोंगडीत बांधून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायचे, आठवडाभर मुंबईत राहायचं, कॅटलॉग छापायचा, आणि काही विकलं नाही तर तेच गाठोडं परत आणायचं. हे करणारे आहेत, करावंही. पण चित्र काढणं हा ज्याचा रोजचा श्वास आहे त्याला सहा-सात वर्षांतून एकदा प्रेक्षक मिळून भागत नाही. त्याला उद्या सकाळी कोणीतरी दारात उभं राहून “हे काय केलंत?” असं विचारणारं हवं असतं. घरातलं दालन ही त्या चित्रकाराची गरज आहे, हौस नाही.

त्याला लागतं काय? एक खोली, उत्तरेकडून उजेड येणारी असली तर उत्तम, कारण तो दिवसभर सारखा राहतो आणि ऊन चित्रावर पडत नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. पावसाळ्यात घाटावर ओल धरते, कॅनव्हासच्या पाठीला बुरशी येते, म्हणून चित्र भिंतीला चिकटवून न टांगता मागे बूच किंवा लाकडाचा तुकडा ठेवून हवा खेळती ठेवायची. चौकट गावातल्या काचेच्या दुकानात होते; त्या कारागिराला एकदा बसवून माउंट कसा कापायचा ते दाखवलं की तो पुढे सफाईने करतो. रंग-कॅनव्हास बुलढाण्याहून, संभाजीनगरहून किंवा कुरिअरने. आणि त्याच खोलीत कोपऱ्यात घोडा, म्हणजे ईझल, चालू चित्रासह. अर्धवट चित्र लोकांना दिसू द्यावं, हा माझा आग्रह आहे. पूर्ण झालेलं चित्र पाहून माणूस “छान” म्हणून पुढे सरकतो. अर्धं झालेलं पाहिलं की तो थांबतो, विचारतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकावतो.

खरी अडचण उंबरठ्याची आहे. गावातला माणूस अशा दारात घुटमळतो. तिकीट आहे का? चपला काढायच्या का? काही घ्यावं लागेल का? आपल्याला समजलं नाही तर हसतील का? बायका तर नवरा सोबत असल्याशिवाय आत येत नाहीत. म्हणून दाराची वेळ पक्की हवी आणि ती पाळलेली हवी. पाटी मोठी, स्वच्छ, हाताने रंगवलेली हवी, आणि तिच्यावर लिहिलेलं हवं की बघायला पैसे नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी दार उघडं हवंच, कारण त्या दिवशी खेड्यावरची माणसं गावात असतात. रेणुकामातेच्या यात्रेत हवं. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेड राजाकडे जाणारी गर्दी चिखलीवरून जाते, त्या आठवड्यात तर दिवसभर. आणि चित्रांत आपला मुलूख दिसला पाहिजे. सातगाव भुसारीची हेमाडपंती देवळं, लोणारचं सरोवर आणि त्याकाठचे भग्न खांब, सिंदखेडचा राजवाडा, राजूर घाटातलं पावसाळी धुकं, कापूस वेचणाऱ्या बायांच्या पाठी. अमूर्त चित्रं काढू नयेत असं मी म्हणत नाही. ज्याला तेच सुचतं त्याने तेच काढावं. पण पहिल्यांदा आत आलेल्या शेतकऱ्याने भिंतीवर आपला बांध ओळखला, की शेजारचं न ओळखू येणारं चित्रही तो नेटाने बघतो.

पैशाचं काय? एकट्या विक्रीवर अशी खोली चालणार नाही, हे आधीच मान्य करून ठेवलेलं बरं. रविवारचे मुलांचे वर्ग चालतील. छोट्या आकाराची जलरंगातली चित्रं, हजार-दोन हजारांत मिळणारी, लग्नात-वास्तुशांतीत भेट म्हणून जातील. आजवर तिथे भिंतीवरची घड्याळं आणि चायना मूर्ती जात आल्या आहेत. डॉक्टरांचे दवाखाने, पतसंस्था, मंगल कार्यालयं बांधताना फरशीवर लाखो रुपये जातात आणि भिंतीवर छापील धबधबा लागतो. तिथे गावातल्या माणसाचं एक मूळ चित्र लागायला हरकत नाही. आणि नोकरी असेल तर ती सोडू नये. करमरकरांनी मागणीप्रमाणे पुतळे केले आणि उरलेल्या वेळात म्हैस केली.

राहता राहिली किल्ली. गिलच्या मागे ती कोणाकडेच नव्हती. आबालालांची राजाकडे होती. करमरकरांची घरच्या सुनेने घेतली, मूस यांची गावाने. चिखलीत कोणी असं दालन उघडलं तर पहिल्या दिवसापासून त्याची नोंद असावी: कोणतं चित्र, कधीचं, कोणाकडे गेलं. एका वहीत, तारखेसह. आणि दोन-तीन गावकऱ्यांना, एखाद्या वाचनालयाला, एखाद्या शाळेला त्या खोलीशी बांधून घ्यावं. चित्रकार असतानाच.

माझं मागणं वाचकांकडे आहे, आणि ते चिखलीपुरतं नाही. मेहकर, देऊळगाव राजा, मलकापूर, जिथे तुम्ही राहता तिथे. तुमच्या गावात चित्र काढणारा माणूस नक्की आहे. त्याच्या घरी जा. काय चाललंय ते विचारा आणि दाखवेल ते सावकाश बघा. मुलांना न्या. तुम्ही शाळेचे मुख्याध्यापक असाल तर वर्षातून एक दिवस आठवीचा वर्ग तिथे पाठवा. या दिवाळीला घराला रंग देणार असाल तर एक भिंत मोकळी ठेवा आणि त्या भिंतीसाठी त्याच्याकडून एक चित्र, छोटं का होईना, पैसे देऊन घ्या. आणि कधी चाळीसगाववरून गाडी गेली तर उतरा. स्टेशनपासून मूस यांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे.